गुळणी

बायको गेली त्या वर्षी मी पळायला लागलो. वय चाळिशीच्या पुढं. आमच्याकडं त्या काळात चाळिशीचा माणूस म्हणजे नातवंडं खेळवायच्या लायकीचा. त्यानं सकाळी उठून धोतर वर खोचावं आणि कालव्याच्या भरावावरून पळत सुटावं म्हणजे काय? काटेवाडीच्या पारावर एकच शब्द फिरला, म्हातारचळ. कुणी म्हणालं, दुसरं लग्न करायचंय म्हणून अंग कमावतोय. कुणी म्हणालं, मेलेली बायको मागं लागलीय. मला सगळं ऐकू येत होतं. मी मुद्दाम पारावरून पळायचो. बघा लेको, डोळे भरून बघा.

खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं. लेक इंदापूरला दिलेली, मुलगा नाही. पहाटे जाग आली की हात शेजारी जायचा आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. उठून चालायला लागलो की तो धोंडा जरा हलायचा, पळालो की आणखी थोडा. तेवढ्यासाठी पळायचो. दमून आलं की भाकरी घशाखाली जायची, मग वांग्याच्या वाफ्यात दिवस काढायचा.

सुरुवातीचं माझं पळणं म्हणजे नुसता तमाशा. कुत्रं मागं लागल्यासारखा सुटायचो आणि हाकेच्या अंतरावर धाप लागून कंबरेवर हात ठेवून उभा राहायचो. कालव्याचं पाणी सोडणारा सरकारी पाटकरी रोज सायकलवरून तिथूनच जायचा. उतरायचा, बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "आबा, मरायचंच असंल तर कालवा हाय की शेजारी. कशाला येवढं कष्ट घेताय?" मी त्याला शिवी हासडायला जायचो, पण शिवी पुरी करायलाही दम नसायचा.

आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. बाप दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत यायचा. पुढं कालव्याचं पाणी आमच्या पट्टीत फिरलं, मेंढरं विकली, वांगी-मिरच्या लावल्या आणि आम्ही बागाईतदार झालो. पण लहानपणी मी बापाबरोबर घाट चढलेला होतो. त्याची एक खोड मला तेव्हा कळायची नाही. चढण लागायच्या आधी तो पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि गिळायचा नाही. गाल फुगवून तसाच चालायचा, आणि वर खिंडीत पोचला की थुंकायचा. विचारलं तर म्हणायचा, "तोंड उघडं पडलं की दम सांडतोय, पोरा."

ही गुळणी मला एका सकाळी आठवली. तोंडात पाणी धरलं की श्वास नाकानंच घ्यावा लागतो, आणि नाकानं श्वास घ्यायचा म्हटलं की पाय आपोआप बेतानं पडतात. पहिल्या दिवशी मी पाणी गिळलं. दुसऱ्या दिवशी ठसका लागून नाकातून आलं, पाटकरी हसून हसून सायकलवरून पडायचा राहिला. पण हळूहळू जमलं. आधी कालव्यावरची पुढची मोरी, मग तिच्या पुढची, मग बारामतीच्या वेशीला हात लावून परत. घरी येऊन थुंकायचो तेव्हा पाणी तोंडात कोमट झालेलं असायचं. त्या वर्षी मला पहिल्यांदा रात्रीची झोप लागली.

गावच्या जत्रेत पळण्याची शर्यत असायची. पहिल्या वर्षी मी उभा राहिलो तर हलगीवाल्यानं माझ्यासाठी खास लगीनघाईचा ठेका धरला. मी शेवटून पहिला आलो, पोरं टाळ्या पिटत मागं. पुढच्या जत्रेला मधे कुठंतरी आलो, तेव्हा हसणारे निम्मे झाले. तिसऱ्या जत्रेला मी पुढं गेलेल्या सगळ्या पोरांना एकेक करून गाठलं. माझ्यापेक्षा जोरात पळत होती ती, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा जोर निम्म्या वाटेपर्यंतचा. माझा नेमका तिथून पुढं सुरू व्हायचा. फेटा आणि नारळ मिळाला. घरी आणला आणि कुणाला दाखवावा ते कळेना. खुंटीला अडकवला. त्या रात्री मी जेवलो नाही.

त्यानंतर लोक मला वस्ताद म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. तालमीतला खरा वस्ताद म्हणायचा, "पळायला काय शिकवायचं? पळतंय तर कुत्रंबी." तरी पाच-सहा पोरं आली. मी शिकवायचो म्हणजे काय, मागं ओढायचो. सावकाश, अरे सावकाश, म्हशीला पाण्यावर नेतोस तसा. जवान पोरांना ते अपमानाचं वाटायचं. शेतावर जाणाऱ्या बाया फिदीफिदी हसायच्या. त्यात गाल फुगवलेले! आठवड्याभरात सगळे पांगले. मीही म्हटलं, गेले तर गेले, मला काय नवस फेडायचाय?

एक मात्र राहिला. तो निमगाव केतकीचा, काटेवाडीत एका बागाईतदाराकडं सालानं राहिलेला गडी. बावीस-तेवीसचा असेल. काटक, काळा, आणि बोलायचं म्हणाल तर दगडाला पाझर फुटेल पण याच्या तोंडातून शब्द नाही. महिनाभर माझ्या मागून पळाला तरी मला त्याचा आवाज नीट माहीत नव्हता. एकदा कालव्याच्या कडेला बसून पायातला सराटा काढत होता. मी म्हटलं, "तुला रं कशाला ही दगदग? दिवसभर मोट हाकतोस, वर हे." तेव्हा त्यानं खाली मान घालून सांगितलं.

त्याची बायको सणसरची. लग्न ठरलं तेव्हा भावांबरोबर बरी जमीन होती. मग वाटण्या झाल्या, भावांनी याच्या माथी खडकाळ तुकडा मारला, आणि हा दुसऱ्याच्या दारात सालगडी झाला. सासऱ्यानं पंचमीला म्हणून लेकीला माहेरी नेली ती नेलीच. वर्ष होऊन गेलं होतं. सणसरच्या माळावर तेव्हा नवा साखर कारखाना उभा राहत होता, आणि गळीत सुरू व्हायच्या आधी कारखान्यानं शर्यत ठेवलेली होती. बारामतीतून निघायचं, काटेवाडी, सणसर करत कारखान्याच्या फाटकाला शिवायचं. पहिला येईल त्याला फाटकावर कायमची नोकरी आणि खाकी कपडे. सासऱ्यानं निरोप धाडला होता, खाकी घालून ये, दुसऱ्या दिवशी लेक गाडीत बसवतो.

"आबा," तो म्हणाला, "ती आली तर बरं हुईल."

एवढंच म्हणाला. मला भडभडून आलं. माझी तर कालव्यात दिवा सोडला तरी परत येणार नव्हती. याची सहा-सात मैलांवर होती, जिवंत, आणि मधे फक्त एक शर्यत होती. मी म्हटलं, हिला आणायचीच.

शर्यतीआधी एकदा वडीलधारा म्हणून मी त्याच्याबरोबर सणसरला जाऊन आलो. सासरा माणूस वाईट नव्हता. घोंगडं अंथरलं, चहा केला. म्हणाला, "आवो आबा, मला लेक जड झालीया व्हय? पर सालगड्याच्या घरी धाडली तर ती बी उद्या दुसऱ्याच्या बांधावर खुरपाय जाणार. बापाला बघवंल का?" मी बोलत होतो, सासरा बोलत होता, आणि आमचा गडी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. दाराआड बांगड्या वाजत होत्या. ती तिथंच उभी होती, याच्या एका शब्दासाठी, हे मलासुद्धा कळत होतं. मी कोपरानं ढोसलं. छे! शेवटी सासराच हसला, "ह्यो बघा, आल्यापासनं मिठाची गुळणी धरून बसलाय. लेक म्हणती, मनात लई हाय त्येंच्या. मनातलं मला कसं दिसावं, आबा?"

वाटेत मी त्याला इतका झाडला की सांगायची सोय नाही. तो म्हणाला, "तिच्या बापाम्होरं काय बोलू?"

पळण्यात त्याचं एकच दुखणं होतं. बारामतीपासून काटेवाडी पार करेपर्यंत असा पळायचा की बघत राहावं. पण पुढं सणसरची चिंच दिसली की याचे पाय याचे राहायचे नाहीत. तीरासारखा सुटायचा आणि नेमका बायकोच्या दाराच्या अलीकडं छाती धरून बसायचा. मी ओरडायचो, "गाढवा, असा धापा टाकत गेलास तर सासरा म्हणंल जावयाला क्षय झालाय!" तो ओशाळं हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी उपाय केला. सणसरच्या अलीकडं ओढा आहे, तिथं मी तांब्या घेऊन उभा राहायचो. त्यानं गुळणी घ्यायची आणि गाव ओलांडून माळावर जाऊन थुंकायची. पहाटे, गाव झोपेत असताना, आम्ही हे केलं. आठ-दहा दिवसांत त्याला जमलं. तिच्या दारावरून तो बेतशीर पावलांनी, नाकानं श्वास घेत निघून गेला तेव्हा मीच टाळी वाजवली.

शर्यतीच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. पाटकऱ्यानं आपण होऊन मला सायकलच्या मागं बसवलं. इतकी वर्षं माझी टिंगल करणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचाच जीव खालीवर होत होता. "आबा, आपला गडी कुठं दिसंना की," असं दर फर्लांगाला. दिसणार कसा? मागं होता, मी सांगितलं होतं तसा. तालमीतले भरले गडी बारामतीतून निघाले तेच उधळत, आणि काटेवाडीच्या आधीच एकेक करून बाभळीखाली बसले. ओढ्यापाशी आलो तेव्हा याच्या पुढं फक्त इंदापूरकडचा एक टपालवाला राहिला होता. रोज गावोगाव चालणारा, चिवट माणूस.

मी उतरून तांब्या घेऊन उभा होतो, पण याचं पाऊल बघितलं आणि म्हटलं, "आज नको. पाय झकास पडत्यात. मोकळ्या तोंडानं जा." त्यानं मान हलवली, तांब्या हातातून घेतला आणि तोंड भरून घेतलं. तांब्या मला परत देताना चिंचेकडं बोट केलं. तिचं गाव आलंय, गुळणी नसली तर मी उधळीन, असं त्याला म्हणायचं होतं. आणि ते खरंच होतं.

सणसर सगळं रस्त्यावर लोटलेलं. हलगी, पोरांची हुल्लड. चिंचेखाली बायांचा घोळका. त्याच्या जरा अलीकडं त्यानं टपालवाल्याला मागं टाकलं, आम्ही दोघं सायकलवर त्याच्या मागं लागूनच होतो. तेवढ्यात घोळक्यातून एक बाई दोन पावलं पुढं आली. डोईवर पदर, अंगावर हिरवं लुगडं. मी तिचं तोंड कधी बघितलेलं नव्हतं, पण ओळखली.

"अवो," ती मोठ्यानं म्हणाली, "कवा येताय न्ह्यायला?"

आमच्याकडं त्या काळात बाई नवऱ्याशी सासूसमोर बोलत नसे. ही भर रस्त्यात, बापासमोर, गावासमोर बोलली. हलगीवाल्याचासुद्धा हात थांबला. गड्यानं मान वळवली. तिच्याकडं बघितलं, नीट बघितलं, मी त्याचं तोंड बाजूनं बघत होतो. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं, पण मी त्याला चार महिने ओळखत होतो. लोकांना फक्त गाल दिसले. पाय थांबले नाहीत. तो गेला.

"अगं बया, त्वांड फुगवून गेला की गं!" कुणीतरी म्हणालं, आणि घोळका खदखदला. मी सायकलवरून ओरडलो, "पाणी हाय त्येच्या तोंडात! आगं, पाणी हाय!" पण हलगी पुन्हा सुरू झाली होती. मागं वळून बघितलं तर ती तिथंच उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

तो जिंकला. फाटकाला शिवला, गुळणी थुंकली आणि पहिला शब्द बोलला तो, "आबा, तिनं इचारलं." रडत होता आणि हसत होता. "आता जातो नि सांगतो, उद्याच येतो म्हणून." पण त्याला सोडतंय कोण? हार, गुलाल, साहेबांचं भाषण, कपड्यांचं माप. सूर्य कलल्यावर सुटला आणि गळ्यातल्या हारासकट सणसरकडं पळाला. मी त्याला इतकं वाईट पळताना कधी बघितलं नव्हतं.

सासरा शब्दाला जागला, हे मी त्याच्या वतीनं सांगितलंच पाहिजे. दारातच म्हणाला, "जावयबापू, गाडी जुपायला सांगितलीया. पर लेक न्हाय म्हणती." गड्यानं पाण्याचं सांगितलं. चक्क सांगितलं, सासऱ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा घडाघडा बोलला म्हणे. सासऱ्यानं आत जाऊन लेकीला सांगितलं. ती बाहेर आली नाही.

तो पुढंही जात राहिला. दर बाजारच्या दिवशी खाकी घालून, हातात शेवेची पुडी घेऊन. पुडी आत जायची, बाहेर कुणी यायचं नाही. इकडं माझं मात्र नाव झालं. कारखान्याची शर्यत जिंकणारा गडी कुणी तयार केला, तर काटेवाडीच्या म्हाताऱ्यानं. निमगावची, इंदापूरची पोरं यायला लागली. ज्यांना सावकाश म्हटलं की राग यायचा, ती आता मी सांगीन तसं गाल फुगवून पळायची. सकाळी भरावावर त्यांची रांग बघून पारावरचे लोक राम राम घालायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. कारखान्यावरून जायची वेळ आली की मी वाट वाकडी करायचो, कारण फाटकावर तो उभा असायचा. कपडे कडक, आणि दुपारची भाकरी स्वतः थापलेली, जाड, करपलेली.

पुढच्या उन्हाळ्यात कानावर आलं की काडीमोड ठरतेय. तिकडं कुठं करमाळ्याच्या बाजूला एक बिजवर आहे, त्याच्याशी तिचा पाट लावणार. गडी माझ्याकडं आला. "आबा, तुमी एकदा जाऊन या. तुमचं ऐकंल ती." मी त्याला चिंचेखाली बसवला आणि एकटाच तिच्या घरी गेलो.

सासरा घरात नव्हता. मला वाटलं होतं ती दाराआडूनच बोलेल. पण ती बाहेर आली, पाया पडली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि जोत्याला टेकून उभी राहिली. कोवळं तोंड, पण डोळ्यांखाली काळं.

मी म्हटलं, "पोरी, त्या दिवशी त्याच्या तोंडात पाणी होतं. ती पळण्याची रीत असती. मीच शिकवलेली."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्याच सांजंला कळलं."

"मग गं?"

"मग थुकायचं हुतं की, आबा."

मग मी बोलायला लागलो. दम तुटला असता, टपालवाला मागंच होता, चार पावलांवर, तो पुढं गेला असता, नोकरी गेली असती. नोकरी गेली असती तर तुझ्या बापानं तुला कशी धाडली असती? हे सगळं तो तुझ्यासाठीच करत होता, बाई. बोलता बोलता माझा आवाज चढला. मी म्हातारा माणूस तिच्या दारात बसून तिच्यावर खेकसत होतो.

ती ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "दीड वरीस समद्यांस्नी सांगत हुते मी, ते बोलतील म्हून. त्या दिशी त्येंनी निस्तं 'चल' म्हटलं असतं ना आबा, तर नोकरी ऱ्हायली बाजूला, मी तितनंच त्येंच्या मागनं चालत आले असते. बापाच्या डोळ्यांम्होरनं." आणि मग, "आता मन न्हाय व्हत."

तांब्यातलं पाणी मी तसंच ठेवलं आणि उठलो.

चिंचेखाली तो उभाच होता. मला बघून टोपी हातात घेतली. "काय म्हणली?"

मी म्हटलं, "न्हाय म्हणली."

"आनि?"

"आनि काय न्हाय," मी म्हटलं. "चल."